सेकंडहँड छोटं जेट, मुक्काम गोवा: घ्यावं का?

फोंड्याचा हिशेबनीस | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. फोंड्यातल्या एका जुन्या कुटुंबाचे हिशेब मी सांभाळतो. दोन हॉटेलं, वेर्ण्याला पॅकेजिंगचा कारखाना, थोडंफार बांधकाम. चवथीनंतर आमच्या पात्रांवांच्या, म्हणजे मालकांच्या, डोक्यात विमान शिरलं आणि ते काही उतरायला तयार नाही. नवं नको म्हणतात, वापरलेलं छोटं जेट बघ म्हणतात.

दिल्लीच्या एका दलालाने तीन विमानांची माहिती पाठवलीय. तिन्ही अमेरिकेत उभी आहेत. २०११ चं सेसना सायटेशन मस्टँग, २०१० चं एम्ब्राएर फेनम १०० आणि २०१२ चं सायटेशन सीजे२ प्लस. पहिल्या दोघांचा आकडा वीस कोटींच्या आतबाहेर, तिसऱ्याचा जवळपास दुप्पट. सोबत फोटोंचा ढीग. पांढऱ्या कातडी खुर्च्या, टेबलावर दोन ग्लास, खिडकीबाहेर मावळता सूर्य. इंजिनाचा मात्र एकही फोटो नाही.

यातलं मला काही कळत नाही. कर किती बसतो, विमान ठेवायचं कुठे, घेण्याआधी तपासायचं काय आणि मुळात घ्यावं का, हे जाणकारांनी सांगावं. पात्रांवांना "नको" म्हणायचं तर आकडे लागतात. "घ्या" म्हणायचं तर त्याहून जास्त लागतात.

शेवटचा बाक | सोमवार, रात्री ९:५२

चहा टाकलाय. बसतो.

पुणेरी उपरणं | सोमवार, रात्री १०:०५

ज्या मंचावर मिक्सर कुठला घ्यावा यावर दोनशे प्रतिसाद पडून निकाल लागला नाही, तिथे तुम्ही विमानाचं विचारताय. धाडसाला दाद देतो. बाकी चालू द्या.

उलटा वारा | सोमवार, रात्री ११:१०

हिशेबनीस, विमान कुठलं हे नंतर. पात्रांव जाणार कुठे आणि बरोबर किती जण असणार, ते आधी लिहा.

मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद एवढंच असेल तर मस्टँग पुरे. वेग ३४० नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी सव्वासहाशे किलोमीटर. ४१ हजार फुटांपर्यंत चढतं. माहितीपत्रकात पल्ला दोन हजार किलोमीटरच्या वर लिहिलेला दिसेल आणि मागे चार खुर्च्याही दिसतील. या दोन गोष्टी एकाच दिवशी मिळत नाहीत. दोन वैमानिक बसवून टाक्या पूर्ण भरल्या, की मागे साधारण एक माणूस आणि त्याची बॅग एवढंच वजन उरतं. हिवाळ्यात चौघांना घेऊन दिल्लीला निघालात आणि धुक्यामुळे जयपूर किंवा लखनौला वळायची वेळ आली, तर तेवढं इंधन पोटात हवं. म्हणजे मध्ये कुठेतरी उतरून भरणं आलंच.

फेनम १०० वेगाने सरस, ३९० नॉटपर्यंत जातं. सीजे२ प्लस त्याहून जोरात आणि लांब, दिल्ली एका दमात. पण पैसाही त्याच दमात.

मुंबईबद्दल एक. पात्रांवांना वाटत असेल जुहूला उतरू आणि दहा मिनिटांत अंधेरी. जुहूची धावपट्टी जेटला पुरत नाही. सांताक्रूझला गर्दीच्या तासांत खासगी विमानांना मज्जाव असतो आणि उभं राहायला जागा मिळणं हा वेगळा उपास. पात्रांवांना सोडून विमान रिकामंच दुसरीकडे जाऊन थांबतं आणि संध्याकाळी न्यायला परत येतं. ते तासही तुमच्याच बिलात.

साखळीची सून | मंगळवार, सकाळी ७:३०

एक बाळबोध प्रश्न. या मस्टँगमध्ये संडास असतो का?

उलटा वारा | मंगळवार, सकाळी ७:५५

असतो म्हणायला. पुढच्या बाजूला, दार आणि केबिन यांच्या मध्ये, पडद्याआड. समोर वैमानिक, पाठीमागे पाहुणे. अडीअडचणीचा मामला आहे, रोजच्या वापराचा नाही.

साखळीची सून | मंगळवार, सकाळी ८:०२

मग पात्रांवांच्या बाईंना एकदा बसवून आणा. विषय तिथेच मिटेल.

मांडवीकाठ | मंगळवार, सकाळी १०:२०

वर्षाला किती तास उडणार? हे विचारल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ. दीडदोनशे तासांच्या खाली असाल तर भाड्याने घ्या आणि सुखाने राहा. विमान उभं असलं तरी दोन वैमानिकांचे पगार, त्यांचा ठरावीक काळाने होणारा सिम्युलेटरचा सराव (या जातीच्या विमानांचे वैमानिक त्यासाठी बहुतेक परदेशातच जातात), विमा, उभं करायचं भाडं, देखभालीची वर्गणी आणि दर २८ दिवसांनी बदलणारा नकाशांचा डेटा, हे सगळं चालूच असतं. इंधन तर यात धरलेलंच नाही. ते मस्टँगला तासाला साडेतीनशे-चारशे लिटर.

फोंड्याचा हिशेबनीस | मंगळवार, दुपारी १:१५

गेल्या वर्षीची सगळी तिकिटं काढून जोडली. मुंबई सर्वांत जास्त, मग बेंगळुरू, मधूनमधून दिल्ली. ढोबळ मानाने शंभर तासांच्या आत बसतंय. पात्रांवांचं म्हणणं असं की विमान आल्यावर फिरणं वाढेल. त्यावर मी काय बोलणार?

आणि भाड्याचं मी सुचवलं होतं. पण गोव्यात विमान हाताशी मिळेलच असं नाही. मुंबईहून रिकामं येणार, आम्हाला सोडून रिकामं परत जाणार, दोन्ही फेऱ्या आमच्या माथी. तीच बिलं बघून त्यांनी हे विमानाचं काढलंय.

नटबोल्ट | मंगळवार, रात्री १०:४५

मी विमानदेखभालीत आहे. बरीच वर्षं छोटी जेटं हाताखालून गेली आहेत. जरा सविस्तर लिहितो.

फोटो बाजूला ठेवा आणि लॉगबुकं मागवा. विमानाचं एक, प्रत्येक इंजिनाचं वेगळं, कारखान्यातून बाहेर पडल्या दिवसापासूनची सलग. ज्या सुट्या भागांचं आयुष्य ठरलेलं असतं त्यांचा माग जन्मापर्यंत लागला पाहिजे. मधली दोन वर्षं गायब असतील तर तो भाग कितीही नवा दिसो, कागदावर तो संपलेला. अशा विमानाला डीजीसीएपुढे, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्यापुढे, उभं करताना घाम फुटतो आणि पुढे विकताना गिऱ्हाईक फिरकत नाही.

मग इंजिनं. मस्टँगला प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची पीडब्ल्यू६१५, फेनमला पीडब्ल्यू६१७, सीजे२ प्लसला विल्यम्सची एफजे४४. मस्टँगच्या इंजिनाचं मोठं ओव्हरहॉल ३५०० तासांना आणि अर्ध्या वाटेवर, १७५० ला, गरम भागाची तपासणी. दलाल सांगेल, "फक्त १६०० तास झालेत, साहेब." ऐकायला गोड. म्हणजे दीडशे तासांत दोन्ही इंजिनं उघडायची वेळ तुमच्यावर येणार. म्हणून विचारायचं, इंजिन तासवारी योजनेत आहे का? प्रॅटची ईएसपी, विल्यम्सची टॅप, शिवाय जेएसएसआयसारख्या तिसऱ्या कंपन्या. मालक उडलेल्या प्रत्येक तासाला ठरलेली रक्कम भरत जातो आणि ओव्हरहॉल त्यातून निघतं. योजना नसलेलं विमान स्वस्त दिसतं. तो स्वस्तपणा पहिल्याच ओव्हरहॉलला व्याजासकट वसूल होतो. आणि योजना आहे एवढ्यावर थांबू नका. हप्ते थकलेत का, ती नव्या मालकाच्या नावावर होते का, हे योजनेच्या कंपनीकडून लेखी घ्या, विकणाऱ्याकडून नाही.

तिसरी गोष्ट, खरेदीपूर्व तपासणी. जी कार्यशाळा त्या विमानाची नेहमी देखभाल करते तिच्याकडे ती कधीच द्यायची नाही. आपणच केलेल्या कामात चुका कोण शोधणार? बोरोस्कोपने, म्हणजे नळीच्या टोकावरच्या कॅमेऱ्याने, इंजिनाच्या आतली पाती बघायची. पुढच्या काचांचे थर सुटू लागलेत का, कडेला दुधाळ पट्टा दिसतो का, ते उजेडात तिरक्या नजरेने बघायचं. मस्टँग आणि फेनम दोन्हींच्या पंखांच्या कडेला बर्फ उडवायचे रबरी पट्टे असतात. आपल्या उन्हात ते रबर लवकर तडकतं.

आणि माझी आवडती जागा: संडासाखालची फळी. आत्ता वर हसलात त्याच संडासाखालची. तिथे गळती झालेली असते, वरून गालिचा नवा घातलेला असतो, आणि फळी उचलली की खालच्या अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी. बोटाने खरवडली की पापुद्रे सुटतात. एका विमानात तिथल्या आडव्या पट्टीतून माझं स्क्रूड्रायव्हरचं टोक आरपार गेलं होतं. वर केबिनमध्ये अत्तराचा वास होता.

साखळीची सून | मंगळवार, रात्री ११:०५

म्हणजे माझा प्रश्न बाळबोध नव्हता. नोंद घ्यावी.

कोर्टाची पायरी | बुधवार, सकाळी ९:१०

करांबद्दल थोडं. २२ सप्टेंबर २०२५ पासून खासगी वापराच्या विमानावर जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. आयात करताना तो आयजीएसटी म्हणून बंदरावरच भरावा लागतो, सीमाशुल्क वेगळं. खासगी वापर नसेल तर ५ टक्के. वीस कोटींच्या विमानावर या दोन दरांत सात कोटींचा फरक पडतो.

म्हणूनच देशातली बरीच छोटी जेटं कागदावर भाड्याने चालतात. बिगरनियोजित सेवेचा परवाना, म्हणजे एनएसओपी, एखादी कंपनी घेते आणि विमान त्या परवान्यावर लागतं. पण परवाना घेऊन फक्त घरचीच माणसं फिरवली तर सीमाशुल्क खातं दारात उभं राहतं. २००७ मध्ये खासगी विमानांवर आयात कर आला तेव्हापासून हे खटले चालू आहेत. दलालाने "कागद करून देतो" म्हटलं तर फोन ठेवा.

फोंड्याचा हिशेबनीस | बुधवार, सकाळी ९:४०

हा भाग मला थोडा कळतो. खासगी वापराच्या विमानावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मुळे मिळत नाही, प्रवासी वाहतुकीला वापरलं तर मिळतं. घसारा मात्र आयकरात ४० टक्के. पात्रांवांना कोणीतरी हा ४० आकडा सांगितलाय आणि ते खूश आहेत. दुसरा ४० मी आज सांगणार आहे.

पुणेरी उपरणं | बुधवार, सकाळी ९:५५

चाळीसला चाळीस गेले, हातचा शून्य. विमान फुकट पडलं की!

कणकवलीकर | बुधवार, दुपारी १२:३०

गोव्यातच ठेवायचा हट्ट कशाला? चिपीला ठेवा. सिंधुदुर्गाचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, धावपट्टी २५०० मीटर, गर्दी कसली ती नाहीच. पात्रांवांना म्हणावं येता-जाता मालवणात जेवा.

मांडवीकाठ | बुधवार, दुपारी १२:५०

फोंड्याहून चिपी? विमानात तासभर वाचवायचा आणि गाडीत दोन तास घालवायचे. त्यापेक्षा मडगावहून वंदे भारत पकडलेली बरी. त्यात संडासाला दारसुद्धा आहे.

उलटा वारा | बुधवार, दुपारी २:००

दाबोळी आणि मोपा, गोव्यातल्या दोन्ही विमानतळांचा विचार करा. दाबोळी हा नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावाला राखलेले असतात, तेव्हा नागरी विमानांना जागा नाही. सकाळी नऊची मुंबईची मीटिंग गाठायची सवय असेल तर हे आधी पात्रांवांच्या कानावर घाला. मोपाची धावपट्टी साडेतीन हजार मीटर, चोवीस तास खुली. फोंड्याहून लांब पडतं खरं, पण वेळेचं बंधन नाही.

वास्कोचे भाऊ | बुधवार, सायंकाळी ५:४५

दाबोळीचा विषय निघालाच आहे तर म्हाताऱ्याचं ऐका. आजच्या मुलांना वाटतं गोव्यात विमानं पर्यटकांबरोबर आली. पोर्तुगिजांनी पन्नासच्या दशकात दाबोळीची धावपट्टी बांधली, कारण भारताने सगळीकडून वाट अडवली होती. १९५५ मध्ये त्यांनी खास इथली म्हणून विमानकंपनी काढली, नाव टायप. गोवा, दमण, दीव आणि पुढे कराची. १८ डिसेंबर १९६१ ला आपल्या कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर बाँब टाकले. तरी त्याच रात्री अर्धवट उरलेल्या पट्टीवरून एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि टायपचं एक विमान दिवे बंद ठेवून उडाली आणि कराचीला पोचली. आमच्या वडलांनी तो आवाज ऐकलेला. त्यांना वाटलं पुन्हा बाँब पडतायत, म्हणून सगळं घर पलंगाखाली.

तेव्हा धावपट्टी किती लांब हवी यावर वाद घालू नका. गरज पडली की माणूस उरलेल्या तुकड्यावरूनही उडतो.

उलटा वारा | बुधवार, सायंकाळी ६:१०

भाऊकाका, हे वाचून कोणी वैमानिकाला सांगायला जाऊ नका म्हणजे झालं!

पण धावपट्टीवरून आठवलं. पावसाळ्याबद्दल इथे अजून कोणी बोललं नाही आणि गोव्यात चार महिने तोच असतो. मस्टँग आणि फेनम १००, दोघांनाही उतरल्यावर इंजिनाचा झोत उलटा फिरवायची सोय नाही. थांबायचं ते फक्त ब्रेकवर. फेनम १०० च्या सुरुवातीच्या विमानांना उतरताना पंखावर उभे राहून वेग मारणारे स्पॉयलरही नव्हते, ते नंतरच्या १००ई मध्ये आले. २०१० चं फेनम म्हणजे स्पॉयलरशिवायचं. ओल्या पट्टीवर त्याला लांब जागा लागते आणि ब्रेकशी हात बसावा लागतो. मोपाला साडेतीन हजार मीटर आहेत म्हणून काळजी नाही. पण पात्रांव उद्या जुलैत बेळगावला चला म्हणतील, तिथे २३०० मीटर आणि उंचीही अडीच हजार फूट. चालतं, पण वैमानिक गणित मांडूनच हो म्हणेल. तो नाही म्हणाला तर मालकाने ऐकलं पाहिजे. २०२३ च्या सप्टेंबरात विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट ४५ मुंबईत जोरदार पावसात पट्टीबाहेर जाऊन मोडलं. आठही जण वाचले, हे नशीब.

नटबोल्ट | बुधवार, रात्री ९:३०

वारासाहेब, फेनमवर जरा अन्याय होतोय. नीट जोपासलेलं फेनम मला मस्टँगपेक्षा दणकट वाटतं. एम्ब्राएरची परंपरा प्रवासी विमानांची, दिवसाला अनेक उड्डाणं सोसणारी. ब्रेकची तक्रार खरी, पण ती माहिती असलेली तक्रार आहे. तीवर प्रशिक्षणाने मात करता येते.

उलटा वारा | बुधवार, रात्री ९:५०

तुम्ही ते जमिनीवर उभं असताना बघता. मी ते थांबत नसताना बघितलंय.

नटबोल्ट | बुधवार, रात्री ९:५८

हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही.

बरं, पावसावरून माझंही एक. गोव्यात विमान बाहेर उभं करायचा विचारही करू नका. हँगर मिळत नसेल तर इथे ठेवू नका, नागपूर-हैदराबादला ठेवा. मीठ हवेतच आहे. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या विमानांना गोड्या पाण्याने धुणं आणि इंजिनाच्या कॉम्प्रेसरची धुलाई हे ठरलेलं काम असतं. ते टाळलं की बिजागऱ्या, वायरींचे जोड आणि रिव्हेटांच्या कडा आधी बोलू लागतात.

आणि कुंभारीण माशी. वेग मोजायच्या नळीचं तोंड बाहेर असतं. त्यावर टोपी घातली नाही तर ही बया बघता बघता मातीने ते लिंपून टाकते. १९९६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकच्या किनाऱ्याजवळ बोइंग ७५७ समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली. विमान काही दिवस उभं होतं, नळ्यांना टोप्या नव्हत्या आणि तपासात संशय अशाच माशीच्या घरट्यावर आला. आमच्या भिंतीवर दर पावसाळ्यात ती घर करते म्हणून सांगतो, तिला हँगर कुठला आणि अंगण कुठलं याचं सोयरसुतक नसतं.

साखळीची सून | बुधवार, रात्री १०:१५

आमच्या सासऱ्यांची बेतीला होडी होती. पावसाळ्यात वर ओढायची, खरवडायची, तेल द्यायचं, आणि एवढं करून वर्षातून मासे किती दिवस? सासूबाई म्हणायच्या, होडी यांना वागवते की हे होडीला. विमानाचंही तेच दिसतंय. फक्त मासेसुद्धा नाहीत.

शेवटचा बाक | बुधवार, रात्री १०:२०

बेतीचे मासे म्हणाल तर तिथे फेरीधक्क्याजवळ पूर्वी जी मोरी मिळायची...

संपादक मंडळ | गुरुवार, सकाळी ८:००

मोरी, मुड्डोशी आणि तिरफळ घालावं की नाही यावरचे प्रतिसाद पाककृती विभागात हलवले आहेत. इथे विमानावर बोलावं.

कोर्टाची पायरी | गुरुवार, सकाळी ११:००

मालकीबद्दल राहिलं होतं. अमेरिकन नोंदणीचं विमान असेल तर ओक्लाहोमा सिटीतल्या नोंदणी कार्यालयातून मालकीचा शोध घ्या. कुठल्या बँकेचा बोजा आहे का, जुन्या दुरुस्तीचे पैसे थकलेत का, ते तिथे कळतं. शिवाय विमानांवरच्या हक्कांबद्दलच्या केपटाउन कराराखाली डब्लिनला आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे, तिच्यातही नावं तपासायची. भारत त्या करारात २००८ पासून आहे आणि २०२५ मध्ये संसदेने त्याला बळ देणारा कायदाही केला. पैसे थेट विकणाऱ्याच्या किंवा दलालाच्या खात्यात कधीच नाहीत. त्रयस्थ एस्क्रो खात्यात जातात आणि कागद हातात आल्याच क्षणी सुटतात.

आयातीआधी डीजीसीएची परवानगी लागते. जुन्या विमानाच्या वयावरही मर्यादा आहे. ती मध्ये बदललेली आहे, म्हणून दलालाच्या तोंडी हिशेबावर न जाता डीजीसीएची आजची नियमावली, सीएआर, उघडा. २०१० चं विमान कागद होईहोईपर्यंत वर्षाने म्हातारं होतं, हेही धरा.

उलटा वारा | गुरुवार, सकाळी ११:४०

त्यात भर. २०२१ च्या जुलैपासून भारतात नव्याने नोंदवायच्या विमानांना आपल्या गगन उपग्रह प्रणालीचे संकेत घेणारी उपकरणं असावीत, अशी अट आली. जुन्या जेटमध्ये ती बसवलेली आहेत का, हे पहिल्याच पत्रात विचारा. नंतर बसवणं म्हणजे पुन्हा कार्यशाळा आणि पुन्हा पैसे.

आणि विमान आणायचं कसं? हे छोटं पिल्लू अटलांटिक एका झेपेत ओलांडत नाही. कॅनडातलं गूज बे, ग्रीनलँड, आइसलँड, स्कॉटलंड, मग युरोप, इजिप्त, आखात आणि शेवटी आपला किनारा. जवळ तराफा आणि थंड पाण्यात तग धरायचे पोशाख. ते काम करणारे वैमानिक वेगळे असतात. ग्रीनलँडला हवामानाने अडवलं तर हॉटेलचं बिलही तुमचंच.

पुणेरी उपरणं | गुरुवार, दुपारी १२:१५

ग्रीनलँडमार्गे फोंडा. कदंबाच्या बसने अजून हा मार्ग घेतलेला नाही.

फोंड्याचा हिशेबनीस | पुढच्या शनिवारी, रात्री ८:३०

मंडळी, बऱ्याच गोष्टी घडल्या, म्हणून परत आलो.

तुमचे मुद्दे प्रश्नांच्या रूपात दलालाला पाठवले. मस्टँगच्या उजव्या इंजिनाच्या लॉगबुकात सव्वा वर्षाची पोकळी निघाली. विकणारा म्हणतो कार्यशाळेने कागद हरवले. इंजिनाची योजना होती, पण हप्ते मध्येच बंद. दोन लाख डॉलर कमी करायला तो लगेच तयार झाला, मी मागितलेही नव्हते. फेनमवाल्याने बोरोस्कोपला नकार दिला. "तीन महिन्यांपूर्वीच झालंय, अहवाल घ्या" म्हणतो.

सीजे२ प्लस उरलं. त्याची इंजिनं टॅपमध्ये आहेत, आणि तसं विल्यम्सकडून लेखी आलं. लॉगबुकं स्कॅन करून मिळाली, सलग आहेत. फक्त आकडा दुप्पट.

पात्रांवांना दोन्ही चाळीस सांगितले. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, आपल्यासारखे आणखी दोघे मिळाले तर? एक वास्कोचे, एक म्हापशाचे. तिघांत घ्यायचं आणि मुंबईत ज्या कंपनीकडे एनएसओपी आहे तिच्या परवान्यावर लावायचं, आपण वापरू त्या तासांचं बाजारभावाने भाडं द्यायचं, उरलेले तास कंपनीने विकायचे. विमान मुंबईच्या कंपनीच्या सोयीने कुठेही राहील, मोपाला रात्रीचं ठेवायचा हट्ट त्यांनी सोडला. आता विकणारा अनामत मागतोय. ती बुडते का, एवढं सांगा.

मांडवीकाठ | शनिवार, रात्री ८:५०

तिघे भागीदार आणि विमान एक. चवथीच्या आदल्या दिवशी ते कोणाचं, हे आधी कागदावर लिहा. बाकीचे करार त्यानंतर.

आणि बाजारभावाने भाडं देणार असाल तर मालक कशाला झालात, हा माझा मूळ प्रश्न अजून उभाच आहे. त्या तिघांनी मिळून कंपनीकडून वर्षाचे तास घाऊक घेतले तरी विमान येईलच. फक्त शेपटीवर नाव येणार नाही.

फोंड्याचा हिशेबनीस | शनिवार, रात्री ९:०५

घाऊक तासांचा कागद मी तयार ठेवलाय. तोही त्याच बैठकीत टेबलावर जाणार आहे. शेपटीबद्दल मात्र बोललात ते खरं. रंगसंगती आधीच ठरलीय.

कोर्टाची पायरी | शनिवार, रात्री ९:४०

अनामतीबद्दल. ती एस्क्रोमध्येच भरा. करारात स्पष्ट लिहा की तपासणीचा अहवाल बघून तुम्ही लेखी स्वीकार देईपर्यंत ती कोणतंही कारण न सांगता परत मिळेल. स्वीकाराच्या सहीनंतर ती अडकते, तेव्हा त्या सहीची घाई नको. तपासणीचा खर्च आणि विमान तिथवर नेण्याचा खर्च सहसा घेणाऱ्याचा. उड्डाणयोग्यतेला बाधा आणणारे दोष निघाले तर दुरुस्ती विकणाऱ्याची, हेही लिहूनच घ्या. आणि सौदा कुठल्या राज्याच्या जमिनीवर पुरा होतो त्यावर तिकडचा विक्रीकर ठरतो. ती जागा त्यांच्या वकिलावर सोडू नका, तिथला एखादा विमानकर जाणणारा वकील आपल्या बाजूने ठेवा.

भाड्याची बिलं खरोखर कापली जाऊ द्या आणि पैसे खरोखर खात्यातून फिरू द्या. सीमाशुल्कवाले सहा वर्षांनी विचारतात तेव्हा तेवढंच कामाला येतं.

नटबोल्ट | शनिवार, रात्री १०:३०

फेनमवाल्याने नकार दिला तिथेच तुमचा तपासणीचा खर्च वाचला, त्याचे आभार माना. मस्टँग पाच लाख डॉलरने उतरलं तरी घेऊ नका.

सीजे२ प्लसच्या तपासणीला आपला माणूस पाठवणार असाल तर पहिल्या दिवशी नको. तेव्हा नुसती कॉफी मिळते. सगळी पॅनेलं उघडून झाली की पाठवा, आणि संडासाखालची फळी त्याच्या डोळ्यांसमोर उचलायला सांगा.